मला पराभव म्हणू नका

मी दार बोलतोय. चौकट नाही, बिजागऱ्या गंजलेल्या, कडी मोडलेली. आठवीच्या वर्गात फळ्याशेजारच्या भिंतीला मला टेकवून ठेवलंय. महिन्यापूर्वी माझ्या छातीवर एक कागद चिकटवला होता. त्याच्याबद्दल मला बोलायचंय. नम्रपणे बोलेन अशी अपेक्षा असेल तर ती सोडा.

माझा जन्म केडगावचा. भिमाजी सुतारांनी कडुनिंबाच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि राधाकृष्ण नावाच्या गिरणीवाल्याच्या घरात आतल्या खोलीला बसवलं. तिथं मी पुष्कळ पाहिलं. बाप रागावला की मुलगा मला धाडकन आपटायचा. पाहुणे फार झाले की घरातली बाई मला लोटून घ्यायची आणि जरा वेळ नुसती बसून राहायची. नवी सून माझ्याआड उभी राहून माहेरी फोन करायची. भावाभावांचं भांडण झालं तेव्हा धाकट्याच्या तोंडावर मला लावलं, तो मी त्याच्यासाठी पुन्हा कधी उघडलो नाही.

हे सगळं एकाच दारानं केलं. याचा अर्थ काय, असं तिथं कुणी विचारलं नाही.

पुढं घर पाडलं. नव्या घराला लोखंडी दार आलं आणि मी भंगाराच्या दुकानात पत्र्यांखाली पडलो. उन्हानं फळ्या तडकल्या. तिथून वृषाली मॅडमनी मला उचललं.

मॅडम शनिशिंगणापूरच्या बाजूच्या एका शाळेत मराठी शिकवतात. आठवीला त्या एक किशोर कादंबरी शिकवत होत्या. तिच्यातल्या रेश्माला शिकायचं असतं. घरचे ऐकत नाहीत. शेवटी भाऊ तिला मामाकडं सोडतो, आणि ती तिथल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. गोष्ट संपते. ते दार मुलांच्या डोळ्यांसमोर असावं म्हणून मॅडमनी मला टेम्पोत घालून शाळेत आणलं.

"प्रतीक म्हणजे काय?" मॅडमनी वर्गाला विचारलं. "वस्तू असते वस्तूच. पण लेखक तिच्यातून आणखी काहीतरी सुचवतो. मग हे दार काय सुचवतं?"

"मॅडम, दार म्हंजे दार," सुनील म्हणाला. "आमच्या गोठ्याचं दार म्हंजे म्हैस पळू नये."

"आन् तुमच्या घराचं दार म्हंजे तू पळू नये!" मागून ओम ओरडला.

वर्ग हसला, मॅडमही हसल्या. पण परवा पाठ पाहायला विस्तार अधिकारी येणार होते आणि शिक्षकांच्या मार्गदर्शिकेत उत्तर तयार होतं. मॅडमनी ते मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या छातीवर चिकटवलं: 'बंद दार म्हणजे पराभव.'

मला संताप आला. मी ऊन सोसलं, धक्के सोसले, वाळवीलाही पुरून उरलो. आणि मी पराभव?

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची राजनंदिनी उठली. ती शिंगणापूरची. तिच्या घराला दार नाही, चौकटीला नुसता पडदा.

"मॅडम, मला न्हाई तसं वाटत. रेश्मा हरली न्हाई."

"का गं?"

"आमची आज्जी म्हनती, देवाची राखण हाय, दार कशाला पायजे? खरंय. आमचं कदी काय बी गेलं न्हाई. पन दार काय फक्त चोरासाठी असतं का? मी वाचायला बसले की कुनी बी पडदा सारून येतं. पानी दे, पोराला घे. रेश्मानं दार लावलं, तवा मला लई बरं वाटलं."

"मग रुसली आसंल ती!" सुनील म्हणाला.

"तू गप रे, म्हशीचा मालक!"

मॅडमनी माझ्यावरच्या कागदाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "छान विचार आहे. पण परवा हे बोलू नकोस. साहेबांसमोर उत्तर पराभवच."

राजनंदिनी खाली बसली. तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. आपण वाचलेलं खरं की मार्गदर्शिकेतलं खरं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. त्यावर मॅडमनी तिला गप्प बसवलं.

साहेब आले. आप्पासाहेब त्यांचं नाव. मागच्या बाकावर, माझ्या अगदी समोर बसले. मॅडमनी प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पराभव!"

एक हात मात्र वर होता. मॅडमनी ओमला विचारलं, मग आणखी दोघांना. हात खाली येईना.

"मॅडम, ती मुलगी केव्हाची हात वर करून आहे," आप्पासाहेब म्हणाले.

मॅडमनी मानेनंच परवानगी दिली. राजनंदिनी उभी राहिली. "मी उत्तर सांगत न्हाई, मॅडम. तुमी न्हाई म्हनला होता. फक्त शेवटचं वाक्य वाचू का?"

तिनं वाचलं, "दार लागलं, आणि खालच्या फटीतून उजेडाची एक रेघ बाहेर अंगणात आली."

पुस्तक मिटून ती म्हणाली, "हरलेलं मानूस अंधारात पडून राहतं. हिनं आत दिवा लावलाय."

आप्पासाहेबांनी मार्गदर्शिका चाळली. "इथं तर पराभव दिलंय. मॅडम, मुलांना गोंधळात टाकू नका. तिचं उत्तर दुरुस्त करून घ्या."

वृषाली मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांनी कागद टरकावला.

"नाही करणार, साहेब. तिनं कादंबरीतला पुरावा दिला. मार्गदर्शिकेनं दिलेला नाही. मीच तिला गप्प बस म्हणाले, ती चूक माझी. शेरा काय लिहायचा तो लिहा."

"मॅडम, आता 'स्वातंत्र्य' चिकटवू?" ओमनं उत्साहानं विचारलं.

"काहीही चिकटवायचं नाही!"

मी ओरडू शकत असतो तर हेच ओरडलो असतो.

इतका वेळ पानं उलटत बसलेला सुनील उठला. "पन मॅडम, तिचा भाऊ भाईर अंगणातच उभा हाय की. त्यो तिला सोडायला आला, आन् आत बोलावलं बी न्हाई. त्येच्यासाठी तर दार बंदच झालं."

राजनंदिनीनं वळून पाहिलं. शेवटचं पान पुन्हा उघडलं. "व्हय," ती म्हणाली. "त्ये बी हाय. पन मंग उजेड त्येच्या पायापाशी का आला?"

त्यावरून जे भांडण जुंपलं, ते घंटा झाली तरी थांबलं नाही. आप्पासाहेबांनी शेरा लिहिला, 'पाठ उद्दिष्टापासून भरकटला.' मॅडमनी तो वाचला, सही केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पाठ घेतला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

आज मुख्याध्यापक वर्गात आले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हे लाकूड अजून इथंच? पाठ झाला ना? चला, चौघं उठा आणि बाहेर टाका."

कुणीही उठलं नाही.

"ऐकू येत नाही का रे?"

"सर, न्यायचं कसं?" सुनील म्हणाला. "आजून ठरलं न्हाई."

"काय ठरलं नाही?"

"दाराचं," राजनंदिनी म्हणाली, आणि तिनं पुस्तक उघडलं.