शिओरीचा राजीनामा

शिओरी कुवाबारा जपानमधल्या निइगाताजवळच्या आमच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला आली, तेव्हा पंचवीस वर्षांची होती. मी गणिताची, तिच्या शेजारच्या टेबलावर, निवृत्तीला सहा वर्षं उरलेली. तिचा तास सुटला तरी मुलं जागची हलत नसत.

आल्या आल्या व्हॉलीबॉलचा संघ तिच्या गळ्यात पडला. जन्मात तिनं त्या चेंडूला हात लावला नव्हता. सकाळी सातला सराव, संध्याकाळी सराव, शनिवार-रविवार सामने. भाताचा मुटका उभ्यानंच खायची. वर पालकांचे फोन: आमच्या मुलीला बाहेर का बसवलं? तिसऱ्या वर्षी जानेवारीत तिनं मला सांगितलं, की मार्चअखेर ती नोकरी सोडतेय.

"मुलांचा कंटाळा आला का गं?"

"मुलांचा नाही, बाई. त्यांच्यासाठी वेळच उरत नाही, त्याचा आला."

तिच्याआधी चार तरुण शिक्षक असेच गेले होते. प्रत्येकाच्या निरोपाची फुलं मीच निमूट आणली होती. या वेळी मात्र लाज वाटली. मुख्याध्यापक निरेईसरांकडे जाऊन म्हटलं, "सर, ही पोर गेली तर फुलं तुम्ही आणा. मी आणणार नाही."

पुढच्याच आठवड्यात सरांनी पालकांची सभा बोलावली. सुट्टीच्या दिवशीचा सराव शाळा घेणार नाही म्हटल्यावर कुरकुर सुरू झाली. एकानं सुनावलं, की पूर्वीचे शिक्षक झटायचे.

मी उठले. "झटायचे खरं. माझा मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला माझा एक रविवार मिळाला नाही. आज तो मला फोनही करत नाही."

मग संघातल्या एका मुलीची आई, टपाल कचेरीतल्या हागियाबाई उठल्या. त्या कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेल्या. महिन्यातले दोन शनिवार आपण बघू म्हणाल्या. मागोमाग आणखी एक वडील तयार झाले.

सगळं काही सुटलं नाही. फोन अजून येतात. शिओरीनं राजीनामा मागे घेतला, पण एक वर्ष बघते, एवढंच म्हणाली. त्याला आता दोन वर्षं होतील.

या एप्रिलमध्ये नवा शिक्षक आला. त्याच्या टेबलावर एका संघाची जबाबदारी सोपवणारा कागद येऊन पडलेला पाहून ती त्याच्याजवळ गेली.

"जमणार नसेल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली. "सरांकडे मी येते सोबत."