खोका अडकला नव्हता

मित्रांनो, मी एक जुना सेनापती आहे. माझ्या एका झटक्यासरशी पहाडासारखे मल्ल हवेत उडाले आहेत, आगीचे गोळे सुटले आहेत आणि स्वतःला अजिंक्य म्हणवणारे कित्येक वीर पाठ टेकून पडले आहेत. इतिहासाला माझी दखल घ्यावीच लागेल. सध्या मात्र माझ्या डोक्यावर चहाचा रिकामा कप ठेवलेला आहे, त्यामुळे मला फारसं हलता येत नाही.

मी मारामारीचे व्हिडिओ गेम खेळायच्या जॉयस्टिकचा खोका आहे. डावीकडे गोल बोंडाची दांडी, उजवीकडे बटणं. हल्ली खोका म्हटलं की लोक कान टवकारतात. माझ्या पोटात फक्त वायरी आहेत.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. दांडी आणि बटणं जोगेश्वरीच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमधली. वेसाव्याचा धर्मा शाळेच्या वेळात तिथे शिक्षण घ्यायला यायचा. पुढे तो संसाराला लागला, पार्लर बंद पडलं आणि मालकाने मशीन फोडून आतला माल त्याला देऊन टाकला. इतका नियमित विद्यार्थी त्याला दुसरा मिळाला नव्हता. माझं लाकूड मात्र मासळी बाजारातलं. धर्माची बायको सगुणा ज्या फळीवर सुरमई कापायची, त्या जुन्या फळीचा त्याने हा खोका केला. माझ्या अंगावर कोयत्याच्या खुणा आहेत. लोक त्यांना ओरखडे म्हणतात. मी वार म्हणतो.

जन्म धर्माने दिला, पण मला सांभाळलं त्याच्या लेकीने, कल्पिताने. ती कॉलेजात जाते आणि उरलेल्या वेळात माझ्यावर शस्त्रक्रिया करते. दांडी ज्या दिशेला कलते, त्या दिशेचा एक छोटा स्विच टक करून वाजतो. वेसाव्याच्या खाऱ्या हवेत हे स्विच गंजतात. मग ती मला पालथा घालते, तळाचं झाकण काढते आणि कान कोरायच्या काडीला स्पिरिट लावून माझे सांधे पुसते. तिने माझी थकलेली स्प्रिंग बदलली. दांडीखालची चौकोनी पट्टी काढून आठ कोनांची बसवली, तेव्हापासून मला तिरपं चालणं जमू लागलं. तळाला धर्माच्या जुन्या रबरी चपलेचे पाय लावले. आता माझ्यात मूळचं काय राहिलंय, असं कुणी विचारलं तर सांगतो : फळी आणि ताठा.

घरात टेबल नाही असं नाही. तरी धर्मा चहाचा कप माझ्यावरच ठेवतो. मी निषेध म्हणून त्याचे गोल डाग जपून ठेवले आहेत.

गेल्या पावसाळ्यात गंजामुळे माझी दांडी अधूनमधून अडकू लागली. कल्पिताने नवे स्विच घातले, पण तिचा विश्वास उडाला होता.

“बाबा, अंधेरीच्या स्पर्धेत हा अडकला ना, तर संपलं. रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकते.”

“दे की,” धर्मा म्हणाला, आणि कप माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, मी रडलो नाही. मी लाकूड आहे, आणि शिवाय मला राग आला होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सगुणाने लेकीच्या डोक्यावर खोबरेल थापलं. मोठ्या कामाला निघणाऱ्या कुणालाही ती कोरडं जाऊ देत नाही. बोटीचा नांगर टाकायची कप्पी असो, दाराची बिजागरी असो, नाहीतर पोटची पोर. कल्पिता चपला शोधायला वळली, तेवढ्यात सगुणाने वाटीतलं उरलेलं तेल माझ्या दांडीच्या बुडाशी ओतलं.

“तू पण जातोस ना,” ती मला म्हणाली. “सांधे धरलेत तुझे.”

मला बरं वाटलं. तिथेच चुकलं.

अंधेरीच्या त्या हॉलमध्ये सगुणाही थर्मास घेऊन आली होती. तिथला एसी असा होता की उघड्यावर ठेवलेलं पापलेट आठवडाभर टिकलं असतं. समोर मुलुंडचा निमेश बसला. त्याच्या यंत्राला दांडीच नव्हती, नुसती बटणं. मला वाटलं कुणीतरी लिफ्टची पाटी उचकटून आणली आहे.

त्याने नाक मुरडलं. “यार, ह्याला वास कसला येतोय?”

“सुरमईचा,” कल्पिता म्हणाली. “तुझ्याला कसला येतो?”

“कसलाच नाही.”

“तेच ना.”

तीन डावांतले दोन जिंकायचे होते. पहिला डाव सुरू झाला आणि मला थंडी भरली. डावीकडे ढकललेली दांडी डावीकडेच राहिली. आमचा मल्ल शत्रूकडे पाठ करून कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, बाईंनी शिक्षा केल्यासारखा. निमेशने त्याला सावकाश लोळवला.

“माझा जास्तीचा आहे, घे ना,” निमेश म्हणाला. मुलगा वाईट नव्हता, म्हणून जास्त झोंबलं.

पंच होती श्रुतिका नावाची मुलगी. ती म्हणाली, “पाच मिनिटं देते. मग दुसरा घे, नाहीतर सामना सोड.”

कल्पिताने मला पालथा घातला आणि झाकण उघडलं. दांडीच्या बुडाशी पांढरं काहीतरी साचलं होतं.

“आई, हे काय आहे?”

प्रेक्षकांतून सगुणा थर्मास सांभाळत आली, वाकली, बोट लावून पाहिलं. “खोबरेल गो. थिजलंय.”

“तू घातलंस?”

“मग काय बाहेरून आलं? तुला लावलं, ह्याला लावलं.”

“आई, वाट लावलीस तू.”

“बोलून वितळणार हाय काय? धर हा.”

तिने थर्मासातला कढत चहा स्टीलच्या पेल्यात ओतला आणि पेला माझ्या दांडीच्या लोखंडी पट्टीला टेकवला. मित्रांनो, आयुष्यभर ज्या कपाचा मी निषेध केला, त्याचा सख्खा भाऊ त्या दिवशी माझ्या कुशीत होता. मी शब्दाने कबूल केलं नाही, पण तेल सुटलं. सगुणाने पदराचं टोक पिळून आतलं सगळं पुसून घेतलं. कल्पिताने दांडी चारी दिशांना फिरवली. टक, टक, टक, टक.

“झकास,” ती म्हणाली, आणि निमेशकडे वळली. “तुझा ठेव तुझ्याकडे.”

पुढचे दोन्ही डाव आम्ही जिंकलो. निमेशने हात मिळवला, मग स्वतःचा हात हुंगून पाहिला. त्यापुढच्या फेरीत बोरिवलीच्या एका मुलीने आम्हाला धुतलं, पण त्यात माझा दोष नव्हता. ती चांगली खेळत होती.

घरी धर्माने एकच विचारलं, “अडकला काय?”

कल्पिता पिशवी उघडून मला बाहेर काढू लागली. अडकला तर भंगार, असा तिने शब्द दिला होता, आणि पोर शब्दाची पक्की आहे.

“तो नाय अडकला,” सगुणा म्हणाली. “मी अडकवला. देतोस काय मला भंगारात?”

धर्माने चहा संपवून कप माझ्यावर ठेवला. रविवारी भंगारवाला आला आणि मोडका पंखा घेऊन गेला.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया करा असं मी म्हणणार नाही. दया नको. गंज काढा, स्प्रिंग बदला, आणि तेल कुठलं ते आधी बघा. एवढं करूनही आम्ही चाललो नाही, तर खुशाल फेका. पण आमचं काय बिघडलंय ते उघडून न बघता भंगाराची भाषा केलीत, तर गाठ माझ्याशी आहे. बिनदांडीच्यांनो, पुढच्या वर्षी या. मी येणारच आहे, वासासकट.

आता एकच. तुमच्यापैकी कुणी वेसाव्याला आमच्या घरी गेलंच, तर धर्माला माझा निरोप द्या. कप ठेवायला हरकत नाही. फक्त दांडीच्या बाजूला ठेव म्हणावं, आणि आत चहा असताना.