सिदाकार्यचा मुखवटा आणि मेंद्राची लेक

मी सिदाकार्यचा मुखवटा बोलतोय. आधी माझं तोंड नीट बघून घ्या, म्हणजे मागाहून दचकायला नको. पांढराफटक चेहरा, बारीक चिरलेले डोळे आणि ओठांबाहेर आलेले मोठाले दात. मी कुरूप आहे, आणि मला त्याचं काहीएक वाटत नाही.

स्मशानाकडच्या सातवीणीच्या खोडावर एक टेंगूळ आलं होतं, त्यातून माझा जन्म झाला. वायान तांगसुब या कारागिरानं झाडाला नैवेद्य दाखवला आणि झाड जगेल एवढंच लाकूड काढून घेतलं. जाळलेल्या हाडाच्या पांढऱ्या रंगाची पुटं तो माझ्यावर चढवत असताना त्याची बायको डोकावली.

“राजाचा मुखवटा किती देखणा केलात! आणि या मेल्याचं असलं ध्यान?”

“हसू नकोस त्याला,” तांगसुब म्हणाला. “राजा नाचून जातो. हा नाचल्याशिवाय पूजा पुरी होत नाही.”

खरंच होतं ते. फार पूर्वी राजाच्या मोठ्या यज्ञाला दूरदेशचा एक साधू आला. अंगावर चिंध्या, पाय धुळीनं भरलेले. “मी राजाचा भाऊ आहे,” म्हणाला. लोकांनी त्याला भिकारी ठरवून हाकललं. त्यानं शाप दिला. भात करपलं, नारळ गळाले, माणसं तापानं फणफणली. शेवटी राजानं त्याला मानानं परत आणलं, तेव्हा कुठे यज्ञ तडीस गेला. त्या साधूलाच सिदाकार्य म्हणतात, आणि माझा चेहरा त्याचा आहे. बालीत आजही पूजेच्या शेवटी आम्हीच नाचतो.

मला न्योमान मेंद्रा या नर्तकानं घेतलं. तो एकटाच सगळी सोंगं नाचायचा. पडद्याआड जायचा, मंत्री होऊन यायचा, मग म्हातारा, मग राजा, मग विदूषक. सगळ्यात शेवटी मी. मी आलो की पोरं किंचाळत पळत. एखाद्याला धरून मी उंच उचलायचो, पिवळे तांदूळ चारी दिशांना उधळायचो. पोराची आई लांबून हसायची, पण हात जोडलेले असायचे.

पडद्यामागे मेंद्राची मुलगी सुकेर्ती बसायची. हाताशी मुखवटे द्यायची, तो अडखळला तर हळूच शब्द पुरवायची. घरी डुकरांना खायला घालताना ती माझं हसू हसून बघायची. डुकरंसुद्धा बिचकायची.

मग किनाऱ्यावर हॉटेलं झाली. गुस्ती लानांग नावाचा दुसरा नर्तक एका हॉटेलच्या माणसाला घेऊन आला.

“मेंद्रा, पाहुणे जेवतात, तेवढ्यात आटपायचं. राजा आण, म्हातारा आण. आणि शेवटी हा दातऱ्या. फोटो छान येतात त्याचे.”

“बाकीचे ने,” मेंद्रा म्हणाला. “हा जेवणाऱ्यांपुढे नाचत नाही.”

“देव समजतोस काय याला?”

“तू नाही समजत?”

लानांग त्या माणसाला घेऊन निघून गेला. मला त्या दिवशी मेंद्राचा अभिमान वाटला. पण माणूस एका बाबतीत ताठ असतो आणि दुसऱ्या बाबतीत अडतो, हेही मी त्याच्याच घरात पाहिलं.

देवळाच्या उत्सवाच्या तोंडावर मेंद्राला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. पुजारी, ज्यांना सगळे मंगकू म्हणतात, लानांगकडे गेले. उत्सवाच्याच दुपारी त्याचा हॉटेलात खेळ होता. “दुसऱ्या दिवशी येतो,” म्हणाला. जणू देवानंच थांबावं!

मंगकू डोकं धरून मेंद्राच्या अंगणात बसले. सुकेर्तीनं त्यांच्यापुढे कॉफी ठेवली आणि म्हणाली, “मी नाचते.”

“पोरी, चेष्टेची वेळ नाही.”

“मी कुठे हसतेय?”

“अगं, सिदाकार्य पुरुषांनी नाचायचा. बाईला विटाळ असतो.”

“असतो तेव्हा मी देवळात येत नाही, मंगकू. आज नाही.”

ओसरीवरच्या खाटेवरून मेंद्रानं मान हलवली. वाकड्या तोंडातून कष्टानं एकच शब्द आला. “नको.”

 सुकेर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही. मग बापाजवळ जाऊन बसली.

“बापा, भिकारी समजून ज्याला बाहेर काढलं, त्याचा हा चेहरा. तुम्हीच शिकवलंत. आता त्याच्याच दारातून मला बाहेर काढता?”

मेंद्रानं तोंड भिंतीकडे फिरवलं.  मंगकू शेवटी उठले. “अंघोळ करून ये. मी तीर्थ शिंपडतो. लोक बोलतील ते मला बोलू देत.”

ती मला चेहऱ्यावर बांधत होती, तेव्हा तिचा श्वास माझ्या लाकडाला चटके देत होता. पडदा हलला. काशाच्या वाद्यांचा गजर झाला. पहिल्या पावलाला पुरुषांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “बाई आहे ती!” मी हसलो. ती हसली. तो आवाज असा घुमला की ओरडणारा खाली बसला. पोरं वाट फुटेल तिकडे पळाली. तिनं एकाला पकडून उचललं, मंत्र म्हटले, तांदूळ उधळले. काही बायकांनी ते ओंजळीत झेलले. काही माणसांनी अंगावर पडलेले झटकून टाकले.

मेंद्राला खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यानं शेवटपर्यंत मान वर केली नाही.  घरी सुकेर्तीनं मला पुसून ठेवलं आणि न जेवता झोपली.

सकाळी ती त्याला पेज भरवायला बसली. त्यानं तिचा हात अडवला.

“डावा पाय,” तो चाचरत म्हणाला. “उशिरा... टाकलास.”

सुकेर्तीनं वाटी खाली ठेवली. “उठून दाखवते, बापा. बघा,” ती म्हणाली, आणि अंगणात नाचू लागली.

आता मेंद्रा नाही. माझा रंग भेगाळलाय, एक दात हलतो. सुकेर्तीचे केस पिकलेत. अजूनही काहीजण तिच्या हातचे तांदूळ झटकतात. झटकू देत. परदेशी माणसं मला विकत मागतात, दिवाणखान्यात दिव्याखाली लावतो म्हणतात. मी भिंतीवर टांगून घ्यायला जन्मलो नाही. मला माणसाच्या तोंडाची ऊब लागते, घाम लागतो, मग ते तोंड कुणाचंही असो. ज्याला माझी भीती वाटते त्यानं खुशाल पळावं. ज्याला मी नको असेन त्यानं पाठ फिरवावी. पूजा मात्र मी पुरी करणारच.