राहिलेले निरोप

मी एक जुना, खिशात मावणारा ऑर्गनायझर आहे, मित्रांनो, आणि अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

कारखान्यातून निघताना मला राखाडी पडदा, त्यावर लिहायची एक टोचणी आणि भरपूर आत्मविश्वास मिळाला. मला दातांच्या डॉक्टरांनी विकत घेतलं. पेशंटची नावं, मोबाइल नंबर, कुणाची कुठली दाढ कधी काढायची, सगळं माझ्या डोक्यात. "हा माझा उजवा हात," असं ते उजव्या हातात पक्कड धरूनच सांगत. खोट एकच होती. सेल बदलले की माझी तारीख थेट जन्मतारखेवर जाई. डॉक्टर फक्त घड्याळ लावत. "तारीख काय, भिंतीवर आहेच की!" माझ्या हिशेबी कुणाचीच तारीख उजाडत नसे, त्यामुळे कुणाला आठवण करून द्यायची पाळी माझ्यावर कधी आलीच नाही.

मग डॉक्टरांच्याही हाती मोबाइल आला आणि मी खणात, कापसाच्या बोळ्यांखाली गेलो. पुढे पेशंटही आटले. परवा डॉक्टरांची लेक म्हणाली, "बाबा, दवाखाना बंद करा आता. आणि हे डबडं भंगारात द्या."

"डबडं काय म्हणतेस? माझे सगळे पेशंट आहेत त्यात. इंटरनेटला जोडून बघ."

"आणि नाही चाललं तर?"

"तर दोघंही जातो. मी घरी, ते भंगारात."

लेकीने नवे सेल घातले, कुठून तरी केबल पैदा केली आणि मला लॅपटॉपला जोडलं. इंटरनेटने सगळ्यात आधी काय करावं? मला आजची तारीख सांगितली! मित्रांनो, मी मुळापासून हादरलो. वीस-बावीस वर्षं एकदम अंगावर कोसळली. म्हणजे इतक्या लोकांच्या दाढा माझ्यामुळे खोळंबल्या? मी पडद्यावर कसंबसं विचारलं, "राहिलेले निरोप पाठवू का?" लेकीने न वाचताच "हो" दाबलं आणि ती चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेर ही रांग! प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच निरोप: "उद्या सकाळी तुमची दाढ काढायची आहे. विसरू नये."

सगळ्यात पुढे डॉक्टरांचे जुने पेशंट शिंपीमामा. त्यांनी तोंडातली कवळी काढून टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "यातली कुठली काढायची ते तुम्हीच बघा."

"मामा, तुमचे सगळे दात मीच तर काढले!"

"ठाऊक आहे हो. पण इतक्या वर्षांनी बोलावलंत, नाही कसं म्हणायचं?"

पेशंटसाठी भरलेला चूळ भरायचा पेला डॉक्टरांनी स्वतःच पिऊन टाकला. लेकीने बाहेर आणखी दोन बाकं मांडली.

आता मी टेबलावर असतो, कवळ्यांच्या शेजारी. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना जगाशी जरूर जोडा. फक्त त्याआधी त्यांना जवळ घेऊन, धीराने, आजची तारीख सांगा.