फ्रॉकची दुसरी बाही

निवृत्त मास्तरला बोलावणं दोनच कारणांनी येतं: कुठल्याशा सत्काराला अध्यक्ष मिळत नाही म्हणून, नाहीतर कुणीतरी गेलं म्हणून. मला दुसऱ्या कारणानं आलं. आठवीला भाषा शिकवणाऱ्या बाई सुट्टीत वारल्या होत्या आणि परीक्षा अकरा दिवसांवर होती.

"एकच धडा राहिलाय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नऊ पानांचा. सहा महिने चाललाय."

"नऊ पानांना सहा महिने?"

"त्या त्याची मालिका करायच्या. तुम्ही आपला संपवून टाका."

बाईंचा हिशेब सरळ होता. जी पोरं घरी बाराशे भागांची मालिका डोळा न मिटता बघतात, तीच नऊ पानांच्या धड्याला मान टाकतात. म्हणजे खोट धड्यात नाही, वाढण्यात आहे. म्हणून त्या आठवड्यातून दोनदा एकेक भाग सांगायच्या. सुरुवातीला स्पीकरवर स्वतःच्या आवाजात घरून भरून आणलेलं 'मागील भागात', शेवटी काळजात धस्स होईल असा प्रसंग, आणि मग घंटा. शेवट आधी कळू नये म्हणून सगळ्या वर्गानं नववं पान पिना मारून बंद केलं होतं. सहामाहीत 'आईचा शेवट कसा झाला?' असा प्रश्न आला, तेव्हा चौतीसच्या चौतीस पोरांनी लिहिलं, 'अजून झालेला नाही.'

धडा साधाच. एक शिवणकाम करणारी आई मुलीसाठी फ्रॉक शिवते आहे. एक बाही बसते. दुसरी बसवून ती नवव्या पानावर मरते.

बाईंच्या मालिकेत मात्र दुसरी बाही एकेचाळीस भाग बसलीच नव्हती. कधी सुई मोडली, कधी त्या रंगाचा दोरा मिळेना. मध्येच आईची जुळी बहीण उपटली आणि कात्री घेऊन पसार झाली. पुस्तकात या बहिणीचा मागमूस नाही.

पहिल्या दिवशी वर्गात शिरलो. खिडकीपाशी एक खुर्ची होती. गुडघे माझे वयाला जागून आहेत; मी तिच्याकडे वळलो, तर अख्खा वर्ग उभा राहिला.

"सर, तिथं नका बसू," मॉनिटर म्हणाला. "तिथं आई बसते."

"कुणाची?"

"धड्यातली. त्या खुर्चीवर जो बसेल तो आई. आम्ही प्रश्न विचारायचे, त्यानं आईसारखी उत्तरं द्यायची. बाईच जास्त वेळा बसायच्या."

मी उभा राहिलो. पहिल्या बाकावर एक मुलगी पुस्तकावर दोन्ही तळवे ठेवून बसली होती. वर्ग तिला म्यूट म्हणायचा. ती बाईंची मुलगी. आईच्याच वर्गात बसून तोंड उघडण्यात शहाणपण नाही, हे तिला फार लवकर कळलेलं. बाई आजारी होत्या हे त्या जाईपर्यंत वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. एकीला सोडून.

"पिना काढा," मी म्हणालो. "आज शेवट वाचू."

तेहेतीस पोरांनी म्यूटकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नाही.

"अगं, परीक्षेला दहा मार्कांचा आहे."

"जाऊ देत दहा मार्क," ती म्हणाली.

ज्यानं तीस वर्षं पोरांना दहा मार्कांची भीती घातली, त्यानं आपलं पुस्तक मिटलं. आणि मग आठ दिवस मी चक्क व्याकरण शिकवलं. भित्र्या मास्तराला व्याकरणाइतका आडोसा दुसरा नाही.

नवव्या दिवशी मॉनिटर स्पीकर घेऊन आला. "सर, यात बेचाळीस 'मागील भागात' आहेत. बेचाळिसावं आम्ही ऐकलेलंच नाही."

मी म्यूटकडे पाहिलं. ती म्हणाली, "लावा."

खरखर झाली. मग बाईंचा आवाज, ताजा, जरा घाईतला. "मागील भागात आपण पाहिलं, की दुसरी बाही बसली. आईनं दोरा दातानं तोडला, फ्रॉकची घडी उशाशी ठेवली आणि ती गेली. आता पाहू, मुलगी तो फ्रॉक कधी घालते."

"पण हा भाग झालाच नाही," मॉनिटर पुटपुटला.

झाला नव्हताच. बाईंना तो सांगायचा नव्हता. सांगून झाला असं समजून पुढं जायचं होतं.

बाई बटण बंद करायला विसरल्या होत्या. ताट ठेवल्याचा आवाज आला. नळ. मग लांबून एक मुलगी: "आई, कुणाशी बोलतेस?"

"वर्गाशी."

"जेवायला चल ना."

"आलेच."

वर्ग पावलांची वाट बघत बसला. पावलं वाजली नाहीत. नळ मात्र बराच वेळ गळत राहिला, आणि मग स्पीकर गप्प झाला.

म्यूट उठली. मला वाटलं बाहेर जाईल. ती खिडकीपाशी जाऊन खुर्चीवर बसली. बाई बसायच्या तशीच, जरा कडेला, शेजारी कुणाला जागा ठेवल्यासारखी.

"राहिलेला भाग मी सांगते," ती म्हणाली.

तिनं सांगितला. आईनं बाही कशी बसवली, खांद्यात जरा आखूड कशी झाली, उसवून पुन्हा करायला वेळ कसा नव्हता. जुळ्या बहिणीनं कात्री आणून दिली आणि माफी मागितली. ते मला फार बरं वाटलं. त्या बहिणीची मला उगाच काळजी लागली होती.

"तुला भीती वाटली का गं, आई?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. पद्धतच होती तशी.

म्यूटनं विचार केला. "वाटली. पण मुलगी जेवायला थांबली होती. तिला कळू द्यायचं नव्हतं."

"तिला कळलं?"

"हो. तिला आधीच माहीत होतं. तिनंही मला कळू दिलं नाही."

मग ती बाकावर आली, नखानं पिन उचकटली आणि नववं पान उघडलं. मागोमाग उरलेल्या तेहेतीस पिना निघाल्या. कुणी वाचून दाखवलं नाही. ज्यानं त्यानं आपापलं वाचलं.

परीक्षेत प्रश्न आला. तेहेतीस उत्तरपत्रिकांत बाही आखूड झाली होती आणि बहिणीनं माफी मागितली होती.

"हे पुस्तकात कुठंय?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"बेचाळिसाव्या भागात," मी म्हणालो आणि सगळ्यांना दहापैकी दहा दिले. म्यूटनं तेवढं नववं पान लिहिलं होतं, जसंच्या तसं. तिलाही दहा.

मला आता वर्षभर ठेवून घेतलंय. पस्तीस मिनिटं मी उभाच असतो आणि गुडघे बोंबलतात. शिपाई म्हणतो, "सर, खिडकीपाशी खुर्ची रिकामी आहे की."

मी त्याला म्हणतो, "नाही रे. तिथं आई बसते."