धाकटी ओरडली नाही

दवाखान्यात त्याला सगळे जांबूर म्हणत, खिळे उपटायच्या अवजारावरून. शस्त्रक्रिया चालू असताना रोग्याला टेबलावर दाबून धरायचं, हे त्याचं काम. अठरा वर्षांत त्याच्या पकडीतून कुणी सुटलं नव्हतं. रोगी ओरडतोय तोवर जिवंत आहे, हा त्याचा आडाखा. आवाज खचला की तो मोठ्या डॉक्टरांकडे बघायचा आणि ते हात आणखी झपाझप चालवायचे.

आज टेबलावर त्याची धाकटी बहीण होती. गिरणीच्या पट्ट्यात सापडून तिचा डावा हात चिरडला होता, आता सडत चालला होता. काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिनं एकच अट घातली होती, धरायचं तर दादानंच.

पण आज एक नवा, पोरसवदा डॉक्टर शिशी घेऊन आला होता. शिशीत ईथर. ते फडक्यावर ओतून हुंगवलं की माणूस झोपतो, त्याला काही कळत नाही, असं त्यानं समजावलं. जांबूरला शब्द कळले, गोष्ट कळेना. झोपेत साधा चिमटा काढला तरी माणूस उठतो, इथं तर करवत.

धाकटीनं चार-सहा श्वास घेतले, काहीबाही बरळली, खुदकन हसली आणि तिचं उजवं मनगट त्याच्या मुठीत लुळं पडलं. मोठ्या डॉक्टरांनी सुरी लावली. ती ओरडली नाही.

दाबण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तरी मूठ आपोआप आवळत गेली. करवतीचा आवाज एरवी आरडाओरड्यात बुडायचा, आज लख्ख ऐकू येत होता. गेली, आपल्या हातात गेली. त्यानं फडकं ओढून काढलं आणि तिच्या गालावर चापट्या मारू लागला.

"ऊठ गं. ओरड."

धाकटी कण्हली. खांदा हलला. त्याचा जीव भांड्यात पडतोय तोच तिचा चेहरा पिळवटला, इतकी वर्षं परक्यांचा पिळवटायचा तसाच. आता त्याला काय हवंय, त्याचं त्यालाच सुधरेना. ती ओरडायला हवी होती. ती ओरडता कामा नये.

मोठ्या डॉक्टरांनी करवत थांबवली. "ओरडू दे की झोपू दे? लवकर बोल, बाबा. रक्त थांबत नसतं."

तिनं तोंड उघडलं. त्यानंच फडकं उचलून तिच्या नाकाशी धरलं.

"ही परत गप्प होईल," तो नव्या डॉक्टरला म्हणाला. "मग मला कळायचं कसं?"

डॉक्टरनं तिच्या मनगटावरची त्याची मूठ सोडवली आणि पंजा तिच्या बरगडीवर ठेवला. "दाबू नका. नुसता राहू द्या. वर येतोय ना?"

येत होता. खाली जात होता, परत येत होता. करवत सुरू झाली तरी येत होता.

दुपारी ती शुद्धीवर आली. डाव्या खांद्याखालचं पट्ट्यांचं गाठोडं तिनं बराच वेळ पाहिलं. त्यानं भीतभीत विचारलं, कापताना काही कळलं का? काहीच नाही, ती म्हणाली, आता मात्र ठणकतंय. मग तिनं उजवं मनगट पुढे केलं. त्यावर चार बोटं काळीनिळी उमटली होती.

"हे कुणी केलं रे, दादा?"

त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.