आहेस ना?

छापखान्यात सगळे त्याला वेलांटी म्हणत. एकतीस वर्षं त्याने मुद्रितं तपासली आणि ऱ्हस्व-दीर्घावरून मालकापासून शिपायापर्यंत कोणाला सोडलं नाही. निवृत्त झाला, छापखाना सुटला, नाव मात्र चिकटून राहिलं. खोड तर कुठे जाणार? इमारतीच्या सूचनाफलकावर कोणी 'उद्या पाणि येणार नाही' असं लिहिलं, की हा खिशातलं लाल पेन काढून 'णि'चा 'णी' करून यायचा. पाणी तरीही यायचं नाहीच. असा माणूस लोकांना आवडत नाही, आणि आपण आवडत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. लग्न केलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि त्यात तो एकटा.

दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरचा एक म्हातारा असाच एकटा गेला आणि चार दिवस कोणाला पत्ता नव्हता. नळ चालू राहिला होता. दाराखालून पाणी जिन्यापर्यंत आलं तेव्हा कळलं. त्यानंतर इमारतीतली माणसं पंधरा दिवस अगदी ओळखू येईनाशी झाली. जिन्यात थांबून विचारपूस करू लागली. गाड्या लावण्याच्या जागेवरून ज्यांची तोंडं वाकडी होती तेसुद्धा "काही लागलं तर सांगा हं" म्हणू लागले. मरण शेजारी येऊन गेलं की माणूस भला होतो, फक्त ते भलेपण फार दिवस पुरत नाही. सोळाव्या दिवशी गाड्यांवरून पुन्हा जुंपली.

टिकला तो एकच बदल. वेलांटीच्या धाकट्या भावाने ही हकिगत ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेसातला फोन करायला सुरुवात केली.

"आहेस ना?"

"आहे."

"बरं, ठेवतो."

एवढंच. आठ सेकंद, फार तर नऊ. सुरुवातीला वेलांटीला बरं वाटलं. साडेसातच्या आत अंघोळ उरकून, धुतलेला सदरा घालून तो फोनपाशी बसायचा. फोनवर सदरा दिसत नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण दिवसभरात त्याला दुसरं कोणी काही विचारत नसे, आणि एवढ्या एका प्रश्नासाठी तरी नीट कपडे घालावेत असं त्याला वाटे.

पुढे पुढे मात्र तो प्रश्नच त्याला टोचू लागला. कसा आहेस नाही, काय करतोस नाही, जेवतोस का नाही. नुसतं आहेस ना. उत्तरात एक क्रियापद द्यायचं आणि गप्प बसायचं. धाकट्याचं घर बसने चाळीस मिनिटांवर, पण दोन वर्षांत तो एकदाही आला नव्हता. रोज फोन होतोच, मग जायचं कशाला, असा त्याचा हिशेब असावा.

त्या आठवड्यात वेलांटीला खरंच काही सांगायचं होतं. अक्षरं फुटायला लागली होती. वेलांटी पहिली की दुसरी हे आता त्याला भिंग लावूनही दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजव्याचं बघू. ज्याने जन्मभर डोळ्यांवर भाकरी कमावली त्याने हे कोणाला सांगायचं? तो म्हणाला, "आहे, पण जरा डोळ्याचं..."

"दादा, निघतोय रे, उशीर झालाय. आहेस ना, मग झालं."

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन वाजला आणि वेलांटीने तो उचलला नाही.

बेत साधा होता. धाकटा घाबरेल, येईल. आल्यावर म्हणायचं, अंघोळीला गेलो होतो, ऐकू आलं नाही. मग आलाच आहेस तर बस, चहा घे. त्याने दोन कप धुऊन टेबलावर मांडले, वर बशा झाकल्या. बहाणा पक्का व्हावा म्हणून डोक्यावरून पाणी घेतलं. म्हातारपणी माणूस पोरासारखा वागतो म्हणतात, पण पोरांना निदान मार तरी मिळतो. फोन अकरा वेळा वाजला. मग थांबला, आणि वेलांटी मनातल्या मनात बसचे थांबे मोजू लागला.

साडेआठला घंटी वाजली. दुसऱ्या घंटीला उघडायचं असं ठरवून तो दाराशी उभा राहिला. तेवढ्यात समोरच्या शिक्षिकाबाईंचं दार उघडल्याचा आवाज आला.

"फोन उचलत नाहीये," धाकटा धापा टाकत सांगत होता. "रोज उचलतो. पहिल्या रिंगलाच उचलायचा."

वेलांटीचा हात कडीवरच थांबला. 'उचलतो' वर्तमानकाळ, 'उचलायचा' भूतकाळ. एका दमात काळ बदलला होता. मुद्रितात असं सापडलं असतं तर त्याने लाल रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह केलं असतं.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "फार सज्जन होते हो."

सूचनाफलक खराब करतात म्हणून याच बाईंनी त्याच्याविरुद्ध अर्ज दिला होता. आता आणखी एकच वाक्य ऐकू, असं त्याला वाटलं. आपल्याबद्दल चांगलं ऐकायची त्याला सवय नव्हती, आणि सवय नसली की मोह आवरत नाही. त्या एका वाक्यानंतर आणखी एक आलं. धाकट्याने बायकोला फोन लावला आणि तो हुंदके देऊन रडू लागला. लहानपणी दादा मला सायकलवर डबल सीट न्यायचा, चढ आला की उतर म्हणायचा नाही, असलं काहीबाही तो सांगत होता. मग त्याने दोन-तीन नातेवाइकांना कळवलं. आता दार उघडायचं तर कोणत्या तोंडाने? वेलांटी आपल्याच दाराआड चोरासारखा उभा राहिला. त्याचे केस केव्हाच वाळून गेले होते.

किल्लीवाला आला. त्याने पेटी जमिनीवर ठेवली, कुलूप चाचपलं आणि म्हणाला, "आतून कडी आहे. तोडावी लागेल. लावू का हात?"

"थांबा," धाकटा म्हणाला.

"साहेब, थांबून काय होणार?"

"थांबा म्हटलं ना. दार उघडलं की गेला तो. बंद आहे तोवर आहे."

वेलांटीला धाकट्याचा श्वास ऐकू येत होता, दाराला कपाळ टेकल्यासारखा अगदी जवळ. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी साडेसातला याच दाराशी येऊन उभा राहत होता. आठ सेकंद उभा राहायचा, 'आहे' ऐकलं की त्याच्या जिवात जीव यायचा, आणि मग पळून जायचा. लाज, माया आणि राग स्वतःचाच, सगळं एकदम दाटून आलं. त्याने कडी काढली.

धाकटा बघत राहिला. किल्लीवाल्याने पेटी उचलली. शिक्षिकाबाई आत गेल्या आणि त्यांनी दार जरा जोरातच लावलं.

"अंघोळीला गेलो होतो," वेलांटी म्हणाला.

धाकट्याने त्याच्या कोरड्या केसांकडे पाहिलं, मग आत टेबलाकडे पाहिलं. दोन कप, वर दोन बशा. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आत आला, उभ्यानेच पाणी प्यायला, आणि ज्यांना कळवलं होतं त्या प्रत्येकाला फोन करून सांगत राहिला, "नाही, आहे. हो. माझीच चूक झाली."

शेवटचा फोन झाल्यावर तो म्हणाला, "दादा, बसमध्येच मी तुला पोचवून आलो. कोण खांदा देणार तेही ठरवलं. आता पुढचा माझा नंबर, तेही वाटून गेलं. हे सगळं एकदा झालं. मला दुसऱ्यांदा जमणार नाही."

"चहा तरी घे."

"नको." आणि तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन वाजला नाही. वेलांटी सदरा घालून बसला होता. आठ वाजले. नऊला त्याने अंदाजाने बटणं चाचपून स्वतःच नंबर लावला. भावजयीने उचलला.

"दादा, ते रात्रभर झोपले नाहीत हो," ती हळू आवाजात म्हणाली. "प्रेशर वाढलंय. थोडे दिवस नका करू फोन. मी सांगेन तुम्हाला."

"बरं," तो म्हणाला.

मागून धाकट्याचा आवाज आला, "कोणाचा गं?"

"कोणाचा नाही."

फोन बंद करायचा ती विसरली असावी. कप ठेवल्याचा आवाज आला, धाकट्याने साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली, खुर्ची सरकली. वेलांटीने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि पलीकडून आवाज येत होते तोवर हूं की चूं न करता ऐकत राहिला.